वजनाची उपकारस्तुती

बायकोच्या तब्येतीतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं पुण्याच्या डॉक्टरांनाही कळत नाही, असं इसहाक उजागरे यांचं ठाम मत होतं, आणि हे मत त्यांनी शिरूरमध्ये कुणापासूनही लपवून ठेवलं नव्हतं. रांजणगावच्या एका कंपनीत त्यांनी उभी नोकरी स्टोअर सांभाळण्यात काढली होती. रॅकवरचा एक नटबोल्ट इकडचा तिकडं झाला तरी आपल्याला उंबऱ्यातूनच कळायचं, असं ते सांगत. मग बायको तर घरातलीच! डॉक्टर मशिनीत घालून बघणार, रिपोर्टला चार दिवस लावणार. आपण नुसत्या कपबशीच्या आवाजावरून सांगतो, ग्लॅडिसला आज बरं वाटतंय की नाही.

या फुशारकीत एक प्रसंग मात्र ते गाळत. तीन वर्षांपूर्वी ग्लॅडिसबाईंच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला आणि इसहाकभाऊ खुर्चीवरून जे घसरले ते थेट टेबलाखाली गेले. पेशंट राहिली बाजूला, नर्सनी आधी नवऱ्याला कॉटवर घातलं, आणि जिला कॅन्सर झाला होता ती बाई पदरानं त्यांना वारा घालत बसली. तेव्हापासून काही महत्त्वाचं बोलायचं असलं की डॉक्टर म्हणत, "उजागरे, तुम्ही जरा खाली जाऊन चहा पिऊन या." इसहाकभाऊ चहा पिऊन यायचे. डॉक्टर माणूस मोठा अगत्याचा आहे, असं त्यांना वाटायचं.

पण पुढं त्यांनी जी सेवा केली तिला नाव ठेवायला जागा नाही. केमोच्या दिवसांत ग्लॅडिसबाईंच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना. जन्मात कधी गॅस न पेटवलेला हा माणूस स्वयंपाक शिकला. पेज केली, पायाचं सूप केलं, मऊ भात कालवून चमच्यानं भरवला. रोज सकाळी सहाला आलं घातलेला गोड चहा बायकोच्या अंथरुणापाशी नेऊन ठेवायचा, हा तर नेमच झाला. बालवाडीच्या पोरांना आयुष्यभर दटावून खाऊ घालणाऱ्या ग्लॅडिसबाई आता स्वतः दटावणी ऐकत एकेक घास गिळू लागल्या. बोटातली लग्नाची अंगठी त्या वेळी दोऱ्यानं बांधून ठेवावी लागत होती, इतक्या त्या वाळल्या होत्या.

मग उपचार संपले आणि वजन परतायला लागलं. आता वजन परततंय हे कळणार कसं? तर चर्चच्या मंडळीतले आनंदराव मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायचे, त्यांच्या वखारीत मोठा काटा होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की इसहाकभाऊ बायकोला त्या काट्यावर उभं करत. आणि पुढच्या रविवारी, उपासनेत उपकारस्तुतीची वेळ आली, कुणी नातवाच्या नोकरीबद्दल, कुणी बोअरला पाणी लागल्याबद्दल देवाचे आभार मानले, की इसहाकभाऊ उठून उभे राहत. "ग्लॅडिसचं वजन दीड किलोनं वाढलं. देवाची स्तुती असो." सगळी मंडळी टाळ्या वाजवी. ग्लॅडिसबाई मान खाली घालून बसत. अंगठीचा दोरा निघाला तेव्हा टाळ्या झाल्या, अंगठी घट्ट झाली तेव्हाही झाल्या. शिरूरच्या त्या साठ घरांच्या मंडळीत बाईचं वजन हे जणू चर्चच्या इमारत फंडासारखं सगळ्यांच्या मालकीचं झालं होतं.

अशा सगळ्या आनंदात एका सकाळी इसहाकभाऊंना परसात मुंग्या दिसल्या.

मुंग्या कढीपत्त्याच्या कुंडीकडं चालल्या होत्या. एकदोन नव्हे, रांगच्या रांग. इसहाकभाऊंमधला स्टोअरकीपर जागा झाला. कढीपत्त्याला मुंग्या लागायचं कारण काय? त्यांनी वाकून मातीला बोट लावलं, वास घेतला. आलं! दुसऱ्या दिवशी सहाचा चहा ठेवून ते नेहमीसारखे अंघोळीला गेले नाहीत, दाराआड थांबले. ग्लॅडिसबाई उठल्या, कप उचलला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळा चहा कढीपत्त्याला घातला. मग रिकाम्या कपाचा बशीवर नीट आवाज केला.

इसहाकभाऊ भिंतीला टेकले. ज्या आवाजावरून ते तब्येत ओळखत होते तो आवाज खोटा निघाला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती. गाठ हाताला लागायच्या आधी महिनाभर ग्लॅडिसबाईंची अन्नावरची वासना गेली होती, आणि पहिला सुटला होता तो चहाच.

आता लक्ष गेलं तसं एकेक दिसायला लागलं. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. या महिन्यात पाय दुखतोय म्हणून ती काट्यावरही चढली नव्हती. रात्री ताट वाढून झालं की ग्लॅडिसबाई म्हणायच्या, मी मघाशीच खाल्लं, तुम्ही बसा. मघाशी म्हणजे कधी, ते इसहाकभाऊंनी पाहिलं नव्हतं. सर्वांत धडकी भरवणारी गोष्ट म्हणजे फोनचा गजर. रोज संध्याकाळी पावणेसहाला ग्लॅडिसबाईंचा फोन वाजायचा, त्या झटकन उठायच्या, स्वयंपाकघरात जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. सकाळी दहालाही एकदा वाजायचा. वेळच्या वेळी, गजर लावून, दार लोटून माणूस काय घेतं? इसहाकभाऊंना एकच उत्तर सुचलं. नव्या गोळ्या.

मग सरळ विचारायचं ना! पण इथंच तर सगळं अडलं होतं. टेबलाखाली जाऊन पडलेला नवरा कोणत्या तोंडानं विचारणार? ती आपल्यापासून लपवतेय ती आपल्याच काळजीपोटी, आपल्याला झेपणार नाही म्हणून, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? आणि मागच्या चेकअपलाही डॉक्टरांनी त्यांना चहाला पाठवलं होतं. चांगला वीस मिनिटांचा चहा झाला होता.

त्यांनी दौंडला लेकीला फोन लावला. फेथचा नवरा रेल्वेत गार्ड, घर स्टेशनामागच्या क्वार्टर्समध्ये. आईचं सगळं तिला माहीत असे. इसहाकभाऊंनी हवापाण्याच्या चौकशा केल्या, जावयाच्या ड्युटीची चौकशी केली आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुझी आई अलीकडं काही बोलली का.

 फेथ म्हणाली, "पप्पा, मी आईला वचन दिलंय. ती स्वतःच सांगेल तुम्हाला. तुम्ही फक्त एक करा, तिला बळजबरी खायला घालू नका."

इसहाकभाऊंनी फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. बळजबरी करू नका, हे कोणत्या पेशंटच्या घरच्यांना सांगतात ते त्यांनी पुण्याच्या वॉर्डात ऐकलं होतं.

संध्याकाळी ते पाळकसाहेबांकडं गेले. पाळक सॅम्युएल रणनवरे हे शांत, जाडजूड आणि हळव्या मनाचे गृहस्थ होते. इसहाकभाऊंनी सांगितलं की आपल्या मंडळीत एक बहीण आहे, नाव विचारू नका, तिचं जुनं दुखणं उलटलंय असं वाटतंय, ती कुणाला सांगत नाही, तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. तर तिच्यासाठी गुपचूप प्रार्थना व्हावी. बोलता बोलता त्यांनी रुमालानं तीन वेळा डोळे पुसले. पाळकसाहेबांनी नाव विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पाळकसाहेबांनी साखळी उपास-प्रार्थना ठरवली. रोज चार घरांनी उपास धरायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या चार घरांनी, अशी साखळी चर्चच्या हंगामाच्या सणापर्यंत न्यायची आणि सणाच्या जेवणानं उपास सोडायचे. उपास गुप्त ठेवायचा, त्या बहिणीला कळू द्यायचं नाही आणि विचारायचं तर मुळीच नाही. सगळ्या घरांनी हे नियम पाळले. म्हणजे एकमेकांत सगळं बोलले, फक्त ग्लॅडिसबाईंशी बोलले नाहीत. प्रार्थनेचा विषय महिला मंडळाच्या कस्तुराबाईंनी नेमका करून दिला. दुखणं काढून टाक असं मोघम मागण्यापेक्षा, हे प्रभू, आमच्या बहिणीच्या अंगावर पुन्हा मांस चढू दे, तिचं उतरलेलं वजन तिला भरून दे, असं मागायचं ठरलं. वजनाचा या मंडळीला अनुभव होता.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर नेहमीसारखा चहा आणि खारी आली. ग्लॅडिसबाईंनी हात हलवून नको म्हटलं. साडेनऊच वाजले होते. कस्तुराबाईंनी ट्रे तसाच धरून ठेवला, ग्लॅडिसबाईंकडं बघितलं आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मग बायकांनी एकेक करून ग्लॅडिसबाईंचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ सोडला नाही.

त्या आठवड्यात घरी माणसांची रीघ लागली. कुणी खिम्याचा डबा आणला, कुणी केक आणला, कुणी नुसतंच येऊन समोर बसलं. पूर्वी उसना घेतलेला डबा परत न करणाऱ्या बायकांनी डबे परत केले. पाळकसाहेब येऊन चर्चमधल्या शंभर वर्षं टिकलेल्या लाकडी बाकांबद्दल बोलत बसले आणि जाताना ग्लॅडिसबाईंच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ग्लॅडिसबाई दर पाहुण्यागणिक शांत होत चालल्या. आधी त्या नवऱ्याला विचारायच्या, ही सगळी आजच का आली. मग विचारायच्या बंद झाल्या आणि त्यांच्याकडं नुसत्या बघत राहायला लागल्या.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "मागचा रक्ताचा रिपोर्ट आणायला तुम्हीच गेला होता ना? लॅबवाला अजून काही बोलला होता का?"

इसहाकभाऊंना वाटलं, आता ही विषय काढणार. आता सांगणार.  "न्हाई, काय न्हाई, नॉर्मल म्हनला," एवढं घाईनं बोलून, पंपाचं बटन बंद करायचं राहिलं असं सांगून ते बाहेर पळाले. पंप सकाळपासून बंदच होता. परत आले तेव्हा ग्लॅडिसबाई तिथंच, तशाच बसलेल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवरच्या मेथीची एक काडीही निवडून झाली नव्हती.

साखळीत उजागऱ्यांच्या घराचा दिवस एकच होता. पण इसहाकभाऊंना एका दिवसानं समाधान होईना. बायको जेवत नाही आणि आपण जेवायचं हे त्यांच्यानं होत नव्हतं. त्यांनी आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचा चहा सोडला, मग दुपारीही भाकरी चिवडून उठायला लागले. भूक न्हाई, एवढंच सांगत. दोघं समोरासमोर बसत, ती त्यांच्या ताटात कोरड्यास वाढी, ते तिच्या ताटात भाकरी सरकवत. ती त्यांच्याकडं घाबरून बघे, ते तिच्याकडं घाबरून बघत. पूर्वी त्या घरात जेवताना इतकं बोलणं चाले की शेजारचा कुत्रा दारात येऊन बसायचा. आता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायचा. कोणत्याही घरावर येऊ नये अशी ती शांतता होती, आणि ती आणली होती दोघांच्या मायेनंच.

हंगामाचा सण उजाडला. चर्चपुढं मांडव घातला होता. लोकांनी आपापल्या शेतातलं, परसातलं, जमेल ते आणून वेदीपाशी ठेवलं होतं. बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, वरणगावच्या कुणा पाहुण्यानं पाठवलेली केळी, आणि एक तुरेबाज गावरान कोंबडा. उपासना आटोपली की या सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि लोक दोन पैशांची वस्तू हौसेनं चढ्या बोलीनं घ्यायचे. लिलाव पुकारायला अर्थातच आनंदराव होते. यार्डातल्या सवयीमुळं त्यांची जीभ एकदा सुटली की मध्ये श्वासालाही थांबत नसे.

मागच्या बाजूला मटणाच्या रश्श्याला फोडणी पडली होती. इसहाकभाऊंच्या पोटात आदल्या दुपारपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. मांडवाच्या खांबाला धरून ते उभे होते. समोर बायकांत फेथ दिसत होती, ती सकाळच्या एसटीनं दौंडहून आली होती. तिच्या शेजारी ग्लॅडिसबाई. कस्तुराबाईंनी चहाचा ट्रे पुढं केला. ग्लॅडिसबाईंनी घड्याळाकडं बघून मान हलवली. कस्तुराबाईंचा पदर डोळ्यांकडं गेला. इसहाकभाऊंना ते बघवेना. मांडव जरासा डावीकडं कलला असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी वरची दोरी धरायला हात उंच केला.

"इसहाकभाऊ!" आनंदराव गरजले. "कोंबड्याला इसहाकभाऊंची बोली! इसहाकभाऊ एक वार!"

दोरी हाताला लागली नाही. इसहाकभाऊंनी दुसरा हात वर केला.

"इसहाकभाऊंनी स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली! असा दिलदार माणूस यार्डात बघितला न्हाई! इसहाकभाऊ दोन वार!"

आता मांडव उजवीकडं कलला. इसहाकभाऊंनी दोन्ही हात वर केले आणि तसेच, अगदी सावकाश, खांबाला घासत खाली बसले, आणि मग आडवे झाले.

"तीन वार! कोंबडा इसहाकभाऊंचा!" आनंदरावांचं वाक्य संपायचं होतं ते संपलंच. आणि वस्तू मालकाच्या हाती द्यायची हा लिलावाचा रिवाज असल्यामुळं, कोंबडा धरून उभ्या असलेल्या माणसानं गोंधळून तो आडव्या मालकाच्या छातीवर ठेवला.

ग्लॅडिसबाई धावत आल्या. खुर्च्या बाजूला सारत, चपला तिथंच टाकून आल्या. त्यांनी कोंबडा झटकला, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी पाणी दिलं ते तोंडावर मारलं. इसहाकभाऊंनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर पडत होतं ते सगळंच तांब्यातलं पाणी नव्हतं.

"काय आलंय माझ्या रिपोर्टात?" ग्लॅडिसबाई म्हणाल्या. आवाज फुटला होता. "आता लपवू नका. सगळ्या गावाला ठाऊक आहे, मला तेवढं ठाऊक नाही. मी सोशीन काय असेल ते. पण तुम्ही असं उपाशी राहून माझ्या आधी जाऊ नका."



"रिपोर्टात काय न्हाई," इसहाकभाऊ पडल्या पडल्या म्हणाले. "तूच सांग आता. कवापास्नं परत सुरू झालंय?"

"काय सुरू झालंय?"

"दुखनं."

"कुणाचं?"

"तुझं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनीच सांगत न्हाई, म्हनून तर कळलं."

फेथ तोपर्यंत गर्दीतून वाट काढत पोचली होती. तिनं कपाळाला हात लावला. मग आईकडं बघून म्हणाली, "सांग आता. न्हाईतर मीच सांगते."

आणि ग्लॅडिसबाईंनी, नवऱ्याचं डोकं मांडीवर तसंच ठेवून, साठ घरांसमोर सांगितलं. मागच्या चेकअपला डॉक्टर म्हणाले होते, की दुखणं ठीक आहे, पण वजन फार वाढलंय. गोळ्यांनी वाढलंय, बसून वाढलंय आणि खाऊन तर वाढलंयच. ते उतरवायला पाहिजे, दुखणं लांब राहावं म्हणूनच उतरवायला पाहिजे. उपाशी राहायचं नाही, दिवसा नीट जेवायचं. पण सकाळी दहाच्या आधी नाही आणि संध्याकाळी सहाच्या नंतर नाही. गजर त्याचाच होता. "तुम्ही खाली चहा प्यायला गेला होता तेव्हा बोलले ते," त्या म्हणाल्या.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"कसं सांगू? एकेक घास भरवून चढवलंत तुम्ही ते वजन. एकेका किलोला उभे राहून सांगायचात आणि ही माणसं टाळ्या वाजवायची. ते सगळं मला उतरवून टाकायचंय, असं तुमच्या तोंडावर मी कसं म्हणू? सहाचा चहासुद्धा नको म्हणवेना मला."

इसहाकभाऊ उठून बसले.  मग भरल्या मांडवात, कोंबड्याची पिसं शर्टाला चिकटलेली असताना, हा माणूस लहान पोरासारखा रडला. "म्हंजी परत आलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आलं नव्हतं," ग्लॅडिसबाई म्हणाल्या. "पण इतके दिवस सगळे माझा हात धरून बसतायत, आता मलाच खात्री राहिली नाही. पंधरा दिवसांनी चेकअप आहे."

 काय वाटून घ्यावं हेच कुणाला समजेना. शेवटी पाळकसाहेबांनी खाकरून विचारलं, की आज साखळीतला उपास आपल्या घरचा आहे, तर तो सोडायला आता तत्त्वतः काही हरकत नसावी ना. तेव्हा पहिल्यांदा हसण्याची लाट उठली, आणि ग्लॅडिसबाईही डोळे पुसत हसल्या.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कस्तुराबाई उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं पडलं, की बहिणीच्या अंगावर मांस चढू दे म्हणून धरलेला उपास काही वाया गेलेला नाही, बहीण धडधाकट समोर बसलीय. आणि जिच्यासाठी उपास धरला तिला आपल्या हातानं घास भरवल्याशिवाय कोणतंही घर उपास सुटला असं मानणार नाही. साठ घरांनी होकार दिला. आपल्यासाठी उपाशी राहिलेल्या माणसांना नको म्हणण्याची ग्लॅडिसबाईंची छाती झाली नाही.

त्या दिवसापासून उजागऱ्यांच्या दारात डब्यांची रांग लागली. आता मात्र गुपित उरलं नव्हतं, म्हणून इसहाकभाऊंनी उपासाची सूत्रं हाती घेतली. बायकोचा उपास हा आता स्टोअरचा माल होता. दहाच्या आधी एकाही डब्याला आत प्रवेश नाही. पाचनंतर आलेल्यांना ते घाई करायला लावत, आणि सहाच्या ठोक्याला दारात आडवे उभे राहत. कारेगावहून शिफ्ट संपवून धावतपळत आलेल्या एका जोडप्याला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी बिर्याणीसकट परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दहाला यायला सांगितलं. ते आले. वेळ सगळ्यांनीच काटेकोर पाळली. दहा ते सहाच्या मध्ये खिमा, बिर्याणी, पुरणपोळी, केक, मटणाचा रस्सा, आणि शेवटी तो कोंबडाही झाला. पंधरा दिवसांत नियम एकदाही मोडला नाही, याचा इसहाकभाऊंना फार अभिमान वाटत होता. मात्र रात्री दिवा मालवल्यावर दोघंही जागी असत, आणि चेकअपचं नाव कुणीच काढत नसे.

पुण्याला सोनोग्राफी झाली, रक्त झालं. डॉक्टरांनी कागद पुढ्यात घेतले, चष्मा वर सरकवला आणि सवयीनं म्हणाले, "उजागरे, तुम्ही जरा खाली जाऊन—"

"न्हाई," इसहाकभाऊ म्हणाले. त्यांनी खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. "मी हितंच बसनार हाय. काय असंल ते माझ्या म्होरं सांगा. पडलो तर पडलो."

ग्लॅडिसबाईंनी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात गार होता.

डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, सगळं स्वच्छ आहे. कुठंही काही नाही. इसहाकभाऊ पडले नाहीत. ते नुसते बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आणि ग्लॅडिसबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांसमोर हुंदका दिला. डॉक्टरांनी दोघांना पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत थांबले. मग त्यांनी बाईंना कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मागचा कागद काढून त्यावरचा आकडा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वजन उतरायचं सोडून तीन किलोनं चढलं होतं. उपास पाळत नव्हता का, त्यांनी विचारलं.

"एक दिस मोडला न्हाई," इसहाकभाऊ दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी सोता दारात उभा व्हतो."

"पाळला, डॉक्टर," ग्लॅडिसबाई काट्यावरून उतरत, पदर सावरत म्हणाल्या. "पण वजन उतरावं म्हणून उपास केला मी एकटीनं, आणि चढावं म्हणून केला साठ घरांनी. देवानं तरी कुणाचं ऐकायचं?"